पलंगासकट प्रयोगशाळा

माणूस झोपतो कसा, हे माझ्याइतकं नीट जाणणारा दुसरा कुणी आमच्या विद्यापीठात नाही. हे मला स्वतःलाच सांगावं लागतंय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

झोपेत मेंदू काय करतो ते टिपणारी प्रयोगशाळा मागता मागता माझे केस पिकले. शेवटी खोली मिळाली ती तळमजल्यावरची, क्रीडाविभागाचे डंबेल्स ठेवायची. डंबेल्स बाहेर गेले, पण क्रीडाशिक्षक काही गेला नाही. रोज दारात उभा राहून विचारायचा, "काय डॉक्टर, झोपलं का कुणी?" खोली परत मिळेल या आशेवर तो जगत होता.

यंत्र आलं. तारांची टोपी आली, डोक्याला लावायचा चिकट लेप आला, खिडक्यांना काळे पडदे आले, भिंतींना आवाज गिळणारा जाड फोम आला. पलंग तेवढा आला नाही.

"पलंग हे उपकरण नाही," खरेदी विभागातला कारकून म्हणाला.

"मग फर्निचरमध्ये घाला."

"फर्निचर म्हणजे टेबल, खुर्ची, कपाट. विद्यापीठात लोक काय झोपायला येतात?"

"माझ्याकडे त्यासाठीच येणार आहेत."

"मग बाक देतो. परीक्षेच्या हॉलमधले पडून आहेत."

बाकावर झोपणारी मुलं मी जन्मभर माझ्याच तासाला पाहत आलोय, त्याला यंत्र कशाला हवं? मी सरळ घरचा पलंग उचलून आणला.

हा पलंग माझ्या सासऱ्यांनी केलेला. सासरे सुतार. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी तो स्वतःच्या हातांनी घडवला आणि उशाकडच्या फळीवर दोन ससे कोरले, कारण लहानपणी तिला सशांचं वेड होतं. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे," मी बायकोला म्हणालो. ती जमिनीवर गादी घालून मोकळी झाली. चार दिवसांचे चार महिने झाले आणि तिची पाठ धरली. "बाबांना कळू देऊ नका, त्यांना लागेल," एवढंच ती म्हणाली. तिच्या समजूतदारपणाचं मला फार कौतुक वाटलं. स्वस्तातलं कौतुक होतं ते, पण वाटलं खरं.

मग पाहणी समिती येणार असं कळलं. समितीला एका माणसाची झोप पडद्यावर दाखवायची, नाहीतर खोली परत डंबेल्सना. आणि इथे कुणी झोपेना! तासाला घोरणारी मुलं डोक्यावर टोपी चढली की टक्क जागी. एक जण तर टोपीखाली पाढे म्हणत बसला.

तेव्हा मला सासरे आठवले. जेवून पाठ टेकली की हा माणूस गेलाच. माझ्या लग्नात फोटो काढता काढता झोपला होता. प्रत्येक फोटोत सासूबाईंचा हात त्यांच्या कोपराखाली दिसतो. पलंग ओळखतील ही धास्ती होती, म्हणून उशाकडची फळी मी पांढऱ्या चादरीने झाकली आणि खोलीत आधीच अंधार करून ठेवला. या बेतावर मी भलताच खूश होतो.

ठरलेल्या दुपारी बायको त्यांना जेवू घालून घेऊन आली. मी टोपी चढवली, हाताला धरून अंधारात निजवलं, दार लावलं आणि शेजारच्या खोलीत आलो. तिथे पडद्यासमोर समितीच्या अध्यक्षबाई होत्या, क्रीडाशिक्षक होता आणि मागे खुर्चीत बायको. आतलं बोलणं ऐकायला एक स्पीकर होता आणि आत बोलायला माइक.

पडद्यावर मेंदूच्या लहरी संथ होऊ लागल्या. "आता बघा," मी अध्यक्षबाईंना म्हणालो. "पापणी जड झाली. आता झोपेत उतरले."

तेवढ्यात स्पीकर बोलला, "ससे."

"हे माझे ससे आहेत."

उशाशी हात नेऊन झोपायची त्यांची सवय मला कुणी सांगितलीच नव्हती. चादर केव्हाच घसरली असणार. पडद्यावरच्या रेघा उभ्या आडव्या नाचू लागल्या.

"जावईबापू," सासरे अंधारातून म्हणाले, "खरं सांगा. घर सोडलंत का तुम्ही? इथे राहता?"

मी माइक ओढला. "बाबा, तसं काही नाही. तुम्ही आधी झोपा, मग बोलू."

"माझी पोर कशावर झोपते?"

अध्यक्षबाईंनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"जमिनीवर," बायको म्हणाली. "चार दिवसांसाठी."

ते बहुतेक माइकमधून आत गेलं, कारण पडद्यावर असा काही डोंगर उठला की मी खुर्चीवरून उभाच राहिलो. "मॅडम, ही लहर बघा! इतकी स्वच्छ कधीच मिळाली नव्हती!" मी म्हणालो. माझ्याशिवाय कुणीच पडद्याकडे पाहत नव्हतं.

अध्यक्षबाई सावरल्या. "झोप नाही दिसली, पण यंत्र उत्तम चालतंय. खोली द्यायला माझी हरकत नाही."

"पण पलंग खाजगी आहे," क्रीडाशिक्षकाने फट शोधली. "खाजगी वस्तू इथे ठेवता येत नाही. पलंग घरी न्यायचा, आणि पलंग नाही तर प्रयोगशाळा कसली?"

"किंवा विद्यापीठाला देऊन टाकायचा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कायमचा. विचार करून सांगा."

बायको माझ्याकडे बघत होती. विचार करायला मी वेळ घेतला नाही असं कुणी म्हणू नये. पेनाचं टोपण काढायला लागतो तेवढा घेतला.

सासऱ्यांच्या पांढऱ्या केसांतला लेप तिने स्वतःच्या रुमालाने पुसला. ते चपला घालून दाराशी जाऊन उभे राहिले. "बाबांकडे जाऊन येते," ती म्हणाली. कधी येणार, ते मी विचारलं नाही, कारण कारकून पलंगाला विद्यापीठाचा क्रमांक चिकटवत होता आणि ससे झाकले जाऊ नयेत म्हणून मला लक्ष ठेवायचं होतं.

आता प्रयोगशाळेत अंधार आहे, शांतता आहे, पलंग आहे. घरीही सगळं तसंच आहे, फक्त पलंग नाही. मी गादीवर पडून छताकडे बघतो. पाठ धरते हे मात्र खरं.

काल न राहवून सासऱ्यांना फोन केला. "कशी आहे ती?"

"चांगली आहे," ते म्हणाले. "नवा पलंग करून दिला. आल्यापासून गाढ झोपते."

मनापासून एकच वाक्य बोलायचं होतं, तेही आता बोललो नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"बाबा," मी म्हणालो, "पाठ टेकल्यापासून साधारण किती वेळात झोप लागते तिला?"

त्यांनी फोन ठेवला.