काळ्या बाजरीचे वर्तमान

श्रीगजाननास वंदन, जाणत्यांस नमस्कार, आणि ऐकणारांस दोन्ही हात जोडून. शके सतराशे एकवीस, सिद्धार्थी नाम संवत्सरे, कार्तिक मासी नदीकाठच्या एका राज्यात जे वर्तमान जाहाले ते यथामति लिहिले असे.

त्या साली बाजरी फुलोऱ्यात असता पाऊस हटेना, आणि कणसांत काळे लांबट दाणे धरिले, आणि त्याच्या भाकरी खाऊन माणसे ओकू लागली, गरगरून पडू लागली, कोणी दगावलीही. मग सरकारचे धान्यपरीक्षक अंताजी रघुनाथ यांनी खपून शोध केला की दोष बाजरीचा नव्हे, काळ्या दाण्यांचा. मिठाच्या पाण्यात धान्य टाकिले असता काळे दाणे तरंगतात आणि चांगले बुडतात. पंतांनी संस्कृतात ग्रंथ रचून दरबारी वाचिला. महाराज संतोषले, शालजोडी दिधली, आणि दवंडीचा हुकूम फर्माविला. दवंडी निघाली ती 'बाजरीतील काळे दाणे विष' ऐसी, आणि तिसरे गावी पोहोचली ती 'बाजरी विष' ऐसी. मग लोकांनी कणग्या उपसून बाजरी नदीत लोटिली, आणि घरोघर चुली थंड जाहाल्या.

हे ऐकून पंतांचे चित्त ठिकाणी राहीना. बसले की उठत, उठले की बसत; पान वाढिले ते तैसेच राहिले. मग घागर आणि मिठाची पुरचुंडी घेऊन थेट बाजारी गेले, आणि ठकूबाई भुसारीण धान्य विकीत होती तिजपुढे उभे राहून बोलिले, "बाई, बाजरी टाकू नका. मिठाच्या पाण्यात घाला."

ठकूबाई म्हणाली, "मीठ किती?"

"जलाच्या दशमांशे."

"पंत, हे माझ्या गिऱ्हाइकाला कसं उमजावं?"

मग बाईने शेजारणीकडून कोंबडीचे अंडे आणून पाण्यात सोडिले, ते बुडाले. मग मूठमूठ मीठ घालून ढवळीत गेली, तो अंडे वर आले. पंतांनी अदमास घेऊन "इतुकेच पुरे" म्हटले आणि बाजरी ओतिली, आणि काळे दाणे वर तरंगले. भोवती माणसे जमली, कोणी जयजयकार करू लागले.

बाई म्हणाली, "सारे निघाले का?"

पंतांनी तळचे दाणे मुठीत घेऊन पाहिले. मग म्हणाले, "नाही. शंभरांत दोन-चार तळी राहतात. ते हाताने निवडावे, आणि धान्य गोड्या पाण्याने धुवावे."

"मग तेही आत्ताच सांगा. उद्या एखादा ओकला, तर मीठही खोटं आणि तुम्हीही खोटे."

मग पंतांनी दगडावर चढून होते तितुके सर्व सांगितले, आणि ठकूबाई गलका करणारांस दटावीत होती. तैसेच दोघे गावोगाव फिरले. अकरा गावी लोकांनी ऐकिले आणि उरली बाजरी राखिली. बारावे गावी गेले, तो दारांस कड्या, कणग्या पालथ्या, माणूस नाही.

एवंच, अकरा गावे बाजरी खाऊन जगली आणि एक गाव दवंडी ऐकून उठले. ग्रंथ सरकारवाड्यात आहे. पंत फाल्गुन अखेर वाटेवरच होते, आणि उठल्या गावची माणसे कोणीकडे गेली, हे भेटेल त्यास पुसत होते.