श्रोता पाहिजे

समूहगायन हे मानवी संस्कृतीचं सर्वोच्च शिखर आहे. त्यात एकच उणीव राहून गेली आहे: ते कुणीतरी ऐकावं लागतं.

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या आमच्या ट्रेगॅरिक गावाने ही उणीव जवळजवळ दूर केली आहे. नाताळात इथे अख्खं गाव गातं. पाद्रीबाई गातात, खाटीक गातो, तान्ही मुलंही (वरच्या पट्टीत) धरली जातात. आवडती गाणी दरवर्षी मतदानाने निवडली जातात आणि दरवर्षी तीच निवडून येतात. आधी चारशे वर्षांपूर्वीचं लॅटिन स्तोत्र (अर्थ कुणालाच कळत नाही, म्हणून सर्वाधिक मतं), मग मेंढपाळांची गाणी, आणि शेवटी तो प्रचंड कोरस, जो ऐकताना उभं राहायची प्रथा आहे. कधीकाळी म्हणे एक राजा उभा राहिला होता (का, याची चौकशी झालेली नाही).

उभं राहायला आमच्याकडे डेन्झिल पास्को होता. निवृत्त मच्छीमार, गुडघ्यांनी अधू, गावातला एकमेव श्रोता.

यंदा तो तालमीला आला. त्याची बायको मॉर्वेना मार्चमध्ये वारली. तिची गाण्यांची फाइल त्याच्या काखेत होती. "तिच्या जागी मी गातो," म्हणाला, आणि गायला. दुर्दैवाने चांगला गायला, त्यामुळे नकाराला कारण शोधावं लागलं.

"अरे डेन्झिल राजा," आमच्या समितीच्या अध्यक्षा लव्डे ट्रेमेन कळवळून म्हणाल्या, "तूही गायला लागलास तर आम्ही ऐकवायचं कुणाला? तुझ्यासारखं कान देऊन ऐकणारं दुसरं आहे कोण?"

"कान कसले देतोय, लव्डे! मी मॉर्वेनाला बघायला यायचो. तुमचा आरडाओरडा आपला सोसायचो."

समितीने याची गंभीर दखल घेतली. मॉर्वेनाचा मोठा फोटो तिच्या जागी उभा करावा, जेणेकरून श्रोत्याची गैरसोय होणार नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला. हात मीही वर केला.

नाताळच्या संध्याकाळी फोटो आला, डेन्झिल आला नाही. तो धक्क्यावर एकटाच तिची फाइल उघडून गात होता, असं एका परगावच्या टॅक्सीवाल्याने नंतर सांगितलं. गाडी बंद करून ऐकत राहिला होता म्हणे. आम्हाला काही ऐकू आलं नाही. आम्ही गात होतो.

कोरस सुरू झाला तेव्हा उठायला कुणीच नव्हतं. एवढी मेहनत वाया गेल्याचं सर्वांनाच फार वाईट वाटलं.

सध्या श्रोत्याची ती खुर्ची रिकामी आहे. उमेदवाराने स्वतःचं काही ऐकवू नये, अर्थ विचारू नये आणि शेवटच्या कोरसला उठेपर्यंत हलू नये. तुम्ही इथवर निमूट ऐकत आलात, डेन्झिलसाठीसुद्धा तोंड उघडलं नाहीत. तुमचं नाव मी समितीला कळवलं आहे.

गुडघे ठीक आहेत ना?