श्रेणी तीनची आई

जगातली कोणतीही समस्या मुळात अवघड नसते, ती फक्त नीट मांडलेली नसते. हे सत्य मी माझ्या सासऱ्यांकडून शिकलो आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी अजून शिकतोच आहे. सासुरवाडीचं सगळं घर अभियंत्यांचं. सासरे यंत्रांचे (ते निवृत्त झाले, पण घरातल्या यंत्रांना अजून तसं कळवलेलं नाही). थोरला मेहुणा पुलांचा, धाकटा सॉफ्टवेअरचा. माझी बायको एका कारखान्यात मालाचा दर्जा तपासते, त्यामुळे माझ्याबद्दलचं तिचं मत मी विचारत नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो. घरात काही बिघडलं की मला ट्रे धरायला देतात.

सासूबाई अभियंता नाहीत. त्या स्वयंपाकघरात असतात.

तुमच्याआमच्यासारख्या माणसाचं छत गळायला लागलं, तर तो खाली बादली ठेवतो आणि मोकळा होतो. अभियंता आधी विचारतो, गळणं म्हणजे नक्की काय? किती गळलं म्हणजे गळलं म्हणायचं? तोवर जमीन भिजते हे खरं, पण विचार कोरडा राहतो. या दृष्टीचं मोल मला एका रविवारी सकाळी कळलं, ते सर्वांना कळावं म्हणून हा खटाटोप.

झालं ते इतकंच. ऑम्लेटचा धूर बैठकीच्या खोलीत येतो, म्हणून सासऱ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला स्वतः तयार केलेली एक स्प्रिंग बसवली होती. दार आपोआप बंद व्हायचं. त्या रविवारी सासूबाई आत गेल्या, दार बंद झालं, कुलपाची जीभ अडकली आणि बाहेरची मूठ धाकट्याच्या हातात आली. बंद होण्याच्या बाबतीत दाराने शंभर टक्के यश मिळवलं.

आता सासूबाईंना नेमकं त्याच दिवशी बाहेर पडायचं होतं. शाळेतल्या चार मैत्रिणींबरोबर त्या बेटावर निघाल्या होत्या. नवरा नाही, मुलं नाहीत, कोणाचं पथ्य नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. ठरवायला वर्ष गेलं होतं. अकराला गाडी फाटकाशी येणार, तिथून धक्का, आणि बोट कोणासाठी थांबत नाही. नवे बूट घालून, पिशवी भरून त्या तयारच होत्या. निघण्याआधी आमच्यासाठी चहा आणि चार ऑम्लेटं टाकावीत म्हणून पिशवीसकट आत शिरल्या, तेवढंच त्यांचं चुकलं.

स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधल्या भिंतीत एक खिडकी आहे. तिला आतल्या बाजूने सरकतं झाकण आहे आणि ताटं, कप तिच्यातूनच ये-जा करतात. थोरल्याने लगेच टेप काढून खिडकी मोजली. मग आईला म्हणाला, "आई, तुझी खांद्यापाशी रुंदी किती?"

"तुझ्या बापाला कधी सांगितली नाही, तुला सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "दार उघड आधी."

माहिती मिळत नसेल तर अंदाज बांधावा, असा नियम आहे. अंदाजानुसार खिडकीतून ट्रे निघतो, आई निघत नाही. हा निष्कर्ष सर्वानुमते मंजूर झाला.

मी म्हणालो, "सुताराला बोलावू. नाहीतर हातोडा घालू दाराला."

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखाद्या मुलाने प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं की मी जसा बघतो, तसं. थोरला समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाऊजी, हातोडा हे उत्तर झालं. आपण अजून प्रश्नापर्यंतच पोचलेलो नाही."

प्रश्नापर्यंत पोचायची रीत अशी, की "का?" हे पुन्हा पुन्हा विचारत मुळाशी जायचं. सासऱ्यांनी सुरुवात केली. दार का अडकलं? कारण ते बंद झालं. का बंद झालं? स्प्रिंगमुळे. स्प्रिंग का बसवली? धुरामुळे. धूर का होतो? ऑम्लेटमुळे. ऑम्लेट का होतं? मूळ कारण सापडलं होतं आणि ते भिंतीपलीकडे कांदा चिरत होतं.

"म्हणजे आईच," माझी बायको म्हणाली. तिच्या आवाजात आरोप नव्हता. कारखान्यात ती खिळ्यांबद्दलही असंच बोलते.

मूळ कारण समस्येच्या आतच कोंडलेलं आहे, हा योगायोग सासऱ्यांना फार मोहक वाटला. एवढ्यात खिडकीतून चहा आला. सगळ्यांनी घेतला. मीही घेतला, कारण ट्रे माझ्याच हातात होता.

पुढचा टप्पा गांभीर्य ठरवण्याचा. धाकट्याच्या कंपनीत यासाठी तीन श्रेणी आहेत आणि त्या जगात कुठेही लागू पडतात असं तो म्हणतो. श्रेणी एक म्हणजे सेवा पूर्ण बंद: हातातलं टाकून धावा. श्रेणी दोन म्हणजे सेवा रखडत चालू: दिवसभरात बघा. श्रेणी तीन म्हणजे सेवा सुरळीत, वापरणाऱ्यांची तक्रार नाही: सवडीने बघू. मग वापरणाऱ्यांचं सर्वेक्षण झालं. चहा मिळाला? मिळाला. गरम होता? होता. पाचांपैकी साडेचार समाधानी निघाले (माझ्या चहात साखर कमी होती). सासूबाईंना कोणी विचारलं नाही. त्या वापरणाऱ्यांत मोडत नाहीत, पुरवठ्यात मोडतात.

श्रेणी तीन ठरली. सासऱ्यांनी पाय पसरले.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. तो बैठकीत चार्जिंगला होता. धाकट्याने उचलला.

"आई सध्या उपलब्ध नाही," तो म्हणाला.

"उपलब्ध नाही म्हणजे? कोण बोलतंय?" पलीकडून मैत्रिणीचा आवाज माझ्यापर्यंत आला. "अरे, आम्ही खाली गाडीत बसलोय! कुठाय ती?"

"स्वयंपाकघरात."

"आजही?"

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नसल्यामुळे धाकट्याने फोन ठेवला. खाली हॉर्न वाजला. थोरल्याने रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, आवाजाने चर्चेत व्यत्यय येत होता. चर्चा आता स्प्रिंगच्या ताणावर आली होती आणि मान्य केलं पाहिजे, फार रंगली होती.

मी रिकामे कप परत द्यायला भिंतीतल्या खिडकीशी गेलो. सासूबाईंच्या कपाळावर घाम होता, बुटांवर पीठ सांडलं होतं. डोळे भरून आले होते आणि त्याचा दोष कांद्याला देता यावा म्हणून त्यांनी कांदा समोर धरला होता. मला फार वाईट वाटलं. कप मात्र मी दिले.

"जावईबापू, काय ठरलं हो?"

"आई, तुम्ही श्रेणी तीनमध्ये आहात."

"म्हणजे?"

मी तिन्ही श्रेणी समजावून सांगितल्या. शिकवायची सवय आहे, त्यामुळे नीट जमलं. त्यांनी एका अभियंत्याबरोबर संसार केलेला आणि दोन वाढवलेले, शिवाय तिसरी मुलगी. पुन्हा सांगावं लागलं नाही.

"आणि एक म्हणजे सेवा पूर्ण बंद," त्या म्हणाल्या. "अस्सं."

त्यांनी गॅस बंद केला. अर्धा चिरलेला कांदा तसाच ठेवला. हात पुसले, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या नाकासमोर खिडकीचं झाकण सरकवून आतून कडी घातली.

बैठकीत कोणाच्या लक्षात आलं नाही. मग सासऱ्यांनी बोलता बोलता, न बघता, सवयीने कप मागे खिडकीकडे नेला. कप झाकणावर आपटला. टक्. त्यांनी पुन्हा नेला. पुन्हा टक्.

"चहा?" ते म्हणाले. मग मोठ्याने, "अगं, चहा!" मग उभं राहून, "अरे, ऑम्लेटं कुठायत?"

"सेवा बंद!" धाकटा ओरडला. "श्रेणी एक!"

अभियांत्रिकी दृष्टीची खरी ताकद अशा वेळी दिसते. थोरल्याने खांदा लावला, सासऱ्यांनी हातोडा घातला, माझ्या बायकोने बिजागऱ्या उचकटल्या. जे दार सकाळभर अभ्यासाचा विषय होतं, ते बघता बघता आडवं झालं. सगळे आत धावले आणि आधी गॅसजवळ गेले.

सासूबाई त्यांच्या बाजूने बाहेर पडल्या, जाता जाता चार्जिंगचा फोन उचलून.

"आई, पण जेवायचं काय?" माझी बायको कळवळून म्हणाली.

"आधी प्रश्न नीट मांडा," सासूबाई जिन्यातून म्हणाल्या. "वर्ष लागलं तरी चालेल." गाडीत चार बायकांनी एकदम आरोळी ठोकली, ती वरपर्यंत ऐकू आली.

बोट मिळाली. परतायच्या दिवशी त्यांचा फोन आला. बोटीचं इंजिन बंद पडलं होतं आणि बोटीचा इंजिनियर मुळाशी जात होता. "मी म्हटलं त्याला, सावकाश जा हो. घाई करून चालत नाही यात," सासूबाई म्हणाल्या. मागे कोणीतरी खदखदून हसत होतं.

घरी झाल्या प्रकारातून धडा घेण्यात आला. दार दुरुस्त करून स्प्रिंगसकट परत बसवलं आहे, ती चांगलीच आहे. खिडकीचं झाकण तेवढं कायमचं काढून टाकलं, म्हणजे पुन्हा अशी सेवा बंद पडणार नाही.

वाचक म्हणतील, आमच्याकडे असलं काही नाही, आमच्या स्वयंपाकघराचं दार उघडंच असतं. अगदी खरं. हे वाचताना तुमच्या हाताशी जो चहाचा कप आहे, तोही त्या उघड्या दारातूनच आला असणार. आणणारं माणूस कप ठेवून क्षणभर थांबलं होतं, त्याला काहीतरी सांगायचं होतं. तुम्ही मान वर केली नाहीत. काळजी नको, श्रेणी तीन. आमच्या घराला इथवर पोचायला चार पदव्या लागल्या, तुम्ही तर उपजतच अभियंते निघालात.