पेंगवाडीचा पाहुणा

एका जंगलात समुद्र होता. जंगलात समुद्र कुठून आला, असं विचारू नका, मुलांनो. गोष्ट माझी आहे आणि तुम्ही ती फुकट ऐकताय.

त्या समुद्राकाठी दोन गावं होती. मधे डोंगराची एक सोंड पाण्यात घुसलेली. सोंडेच्या अलीकडे धमालपूर. तिथे माकडांनी हॉटेलं काढली होती. दिवसभर ढोल वाजत, रात्रभर गाणी. पोहायला जावं तर पाणी दिसायचं नाही, नुसत्या पाठीच पाठी. माकडं पाहुण्यांना केळ्याच्या आकाराच्या होडीत बसवत आणि मधे नेऊन मुद्दाम पाण्यात पाडत. पडलेला पाहुणा नाकातलं पाणी काढत पुन्हा रांगेत उभा राही. याला मजा म्हणत.

पलीकडे पेंगवाडी. तिथे काहीच नव्हतं. नारळ होते, ते पिकले की आपले आपण पडायचे. दुपारी सगळा गाव झोपायचा, आणि संध्याकाळी उठून "काय उकडता!" एवढं म्हणून कूस बदलायचा.

या पेंगवाडीत आनशी नावाची एक कासवीण राहायची. वयाने पोक्त, स्वभावाने मऊ. कठीण काय ते पाठीवर. गावाची रीत तिने कधी मोडली नव्हती. रीत अशी, की पाहुणा निघतो म्हणाला की "रवा की दोन दिस" म्हणायचं. पाहुण्याने "नको हो, घरी कामं पडलीत" म्हणायचं. पुन्हा आग्रह, पुन्हा नकार. मग त्याच्या हातावर नारळ ठेवायचा, आणि तो वळणाआड गेला की हुश्श करून आडवं व्हायचं. पिढ्यान्पिढ्या हे सुरळीत चाललं होतं.

आणि एके दिवशी धमालपूरहून भालचंद्रराव अस्वल आले.

"मावशी, झोप नाही हो," ते म्हणाले. "डोळा लागला की ढोल. ढोल थांबला की माकड दार ठोठावतं, खोली रिकामी करा म्हणून. एक रात्र पडू द्या कुठेतरी."

"पडा मा. वाळू काय कोणाच्या बापाची नाय," आनशी म्हणाली.

भालचंद्ररावांनी एका वाकड्या माडाखाली चटई टाकली आणि घोरायला लागले. सकाळी उठले, आळस दिला आणि म्हणाले, "निघतो आता."

"रवा की दोन दिस," आनशी म्हणाली, आणि नारळ आणायला वळली.

"राहतो," भालचंद्रराव म्हणाले.

आनशीने उचललेला नारळ पुन्हा जागेवर ठेवला. असं उत्तर पेंगवाडीत आजवर कुणी दिलेलं नव्हतं. दोन दिवसांनी पाहुणा पुन्हा निघाला. आता न म्हणावं तर रीत मोडते. तिने म्हटलं. तो राहिला. पुढे पुढे तर भालचंद्रराव नुसते उठून उभे राहत, तिच्याकडे बघत आणि पुन्हा बसत.

याचं आनशीला एरवी काही वाटलं नसतं. पण तिची अंडी घालायची वेळ आली होती. तिच्या आईने आणि आजीने अंडी घातली ती त्याच वाकड्या माडाखाली. आणि नेमके तिथेच भालचंद्रराव उताणे पडले होते. अंडी काही कुणाच्या आग्रहाने दोन दिवस थांबत नाहीत. बिचारी चटईभोवती चकरा मारून रडकुंडीला आली.

शेवटी ती दाजी बगळ्याकडे गेली. दाजी एका पायावर उभे असत, त्यामुळे गावात ते विचारवंत समजले जात.

"दाजी, पावण्याक जा म्हणान सांगू कसा?"

"सांगूचा नाय," दाजी म्हणाले. "पावणो म्हणजे कोण?"

"देव."

"देवाक तू कधी जा म्हणतस?"

"नाय."

"पण पोचवतस मा?"

आनशी तडक गावाला सांगायला निघाली.

दुसऱ्या दिवशी अख्खी पेंगवाडी सकाळीच जागी झाली. गावाच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. भालचंद्ररावांच्या गळ्यात अबोलीचा हार पडला. पुढ्यात मोदकांचं ताट आलं. खेकड्यांनी झांजा धरल्या आणि आरती सुरू झाली. आनशीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. तिचं पोट फार दुखत होतं. मग रानडुकरांनी पाहुण्याला खांद्यावर घेतलं, वाजतगाजत समुद्रावर नेलं आणि पाण्यात तीनदा बुडवलं. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा सगळा गाव हात जोडून ओरडला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

भालचंद्ररावांना हुंदका आवरेना. "धमालपुरात मला कुणी नावाने हाकसुद्धा मारत नाही," ते म्हणाले, आणि डोळे पुसत सोंडेपलीकडे गेले.

आनशीने चटई गुंडाळली, जागा साफ केली. अंडी घालायची ती काळोखात. म्हणून दिवस मावळायची वाट बघत ती माडाखाली पडून राहिली.

दिवस मावळला आणि भालचंद्रराव आले. त्यांच्यामागे रेडे आले, कोल्हे आले, तरसांची एक सहल आली, ढोल आला आणि ढोलामागून माकडं आली.

"पावणे, पुढच्या वर्षी म्हटलला आमी," आनशी कशीबशी म्हणाली.

"वर्षाचं काय एवढं, मावशी? लवकर म्हणालात ना!" भालचंद्रराव म्हणाले. "या सगळ्यांनाही एकदा पोचवा. मी सांगितलंय त्यांना. फार शांत वाटतं."

माकडांनी लगेच रांग लावली. रांगेच्या तोंडाशी एक माकड भोंगा घेऊन उभं राहिलं आणि "शांततेसाठी इकडून, शांततेसाठी इकडून" असं कोकलू लागलं. एकेका रेड्याला हार, आरती, तीन बुड्या. बाहेर आला की तो पुन्हा रांगेत. दाजी बगळ्यांच्या भोवती एवढी गर्दी झाली की त्यांना दुसरा पाय खाली टेकावा लागला.

आनशी गुपचूप पाण्यात शिरली. तिला आईची वाळू सोडवेना, पण पोट थांबू देईना. पोहत पोहत सोंडेला वळसा घालून ती धमालपूरला लागली, तर तिथे चिटपाखरू नव्हतं. केळ्याची होडी उलटी पडली होती. एक म्हातारं माकड आपल्याच हॉटेलाच्या दारात गाढ झोपलं होतं. वाळू गार होती, मोकळी होती. आनशीने खड्डा केला, अंडी घातली, वाळू सारखी केली आणि पोटभर रडली. तिला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर ती घरी परतली, तेव्हा भालचंद्रराव वाकड्या माडाखाली डोकं धरून बसले होते.

"मावशी, पेंगवाडी पूर्वीची राहिली नाही हो," ते म्हणाले. "कोण कुठले लोक येतात! यांना पत्ता कोण देतं कोण जाणे. डोळ्याला डोळा नाही. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, तुम्हीच सांगा. एखादी शांत जागा उरलीय का कुठे? की परत धमालपूरलाच जाऊ?"

आनशीने सोंडेकडे पाहिलं. पलीकडे हातभर वाळूखाली तिची पोरं होती. आयुष्यात ती कधी खोटं बोलली नव्हती.

"धमालपूर? शी!" ती म्हणाली. "तुमी हय इल्यात, आणि तुमच्या जाग्यार थय दुसरे इले. पाय ठेवूक जागा नाय. खय जातास उन्हाचे? बसा."

तिने स्वतः चटई झटकून पसरली. उशाला झावळ दिली. शहाळं सोलून हातात दिलं आणि ते पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिली. इतक्या मनापासून तिने आजवर एकाही पाहुण्याला बसवलं नव्हतं.

भालचंद्रराव उसासा टाकून आडवे झाले. मागे ढोल वाजतच होता.

तात्पर्य : पाहुणा हा देव असतो. म्हणून देवाशी बोलतो तसंच त्याच्याशी बोलावं. हात जोडावे, नैवेद्य दाखवावा, आणि खरं काय ते आपल्यापाशी ठेवावं.