रामीबाईचा एकशे बेचाळीस टक्के हात

शरीराचा कारभार दोन वाटांनी चालतो. एका वाटेने खालची वार्ता वर मेंदूकडे जाते, दुसरीने वरचा आदेश खाली स्नायूंकडे येतो. ही रचना इतकी आदर्श आहे की शासनाने ती जशीच्या तशी उचलली असावी.

तिच्यात दोष एकच. तवा लागला की हात मागे येतो आणि मेंदूला नंतर कळतं. मणक्यातल्या दुय्यम कार्यालयाने वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय केलेली ही कार्यवाही कोणत्याही सेवानियमात बसत नाही. (तरी आजवर कोणाच्या मणक्याला कारणे दाखवा नोटीस गेल्याचं ऐकिवात नाही.)

पुसदजवळच्या एका तांड्यावरच्या रामीबाईच्या हातात हा दोष उरला नव्हता. जुन्या मधुमेहाने आधी पायांतली आणि मग हातांतली वार्तेची वाट बंद पडली. आदेशाची वाट मात्र सुरू होती. हात सांगितलं ते सगळं करायचा, कळवायचा काहीच नाही. असा कर्मचारी कोणत्याही कार्यालयाला हवाहवासा वाटेल. पण रामीबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवत होती. खिचडीचं गरम पातेलं, म्हणजे तिकडचा गंज, ती उघड्या हाताने धरायची आणि हात भाजल्याचं तिला नाकाकडून कळायचं. (एका खात्याचं काम दुसऱ्या खात्याने केल्याचं हे जिल्ह्यातलं बहुधा एकमेव उदाहरण.)

"मले चुलीवरून काढा गुरुजी, वाढायले ठेवा," तिने विनवलं. मुख्याध्यापक वामनराव दयाळू होते. ते म्हणाले, "हात तर चांगला हलते की तुझा! अपंगत्व तपासणी मंडळाचा कागद आण, मग पाहू."

मंडळाचे अध्यक्ष डॉ. सदाशिवराव यांनी तपासणी शास्त्रशुद्ध केली. हात वर करा. केला. मूठ वळा. वळली. माझं बोट दाबा. गंज उतरवणाऱ्या बाईने ते असं दाबलं की साहेबांच्या वार्तेच्या वाटा उत्तम असल्याचं दालनातल्या सर्वांना कळलं.

मग त्यांनी टाचणी काढली. "टोचतंय?"

रामीबाईने टाचणीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "हो साहेब."

सोबत आलेली सून संगीता हादरली. "याडी!" (तांड्यावर आईला याडी म्हणतात, सासू बरी असेल तर तिलाही.) "पाहून काहून सांगते? खरंच लागते का तुले?"

"चूप बस वं," रामीबाई पुटपुटली. "एवढा मोठा माणूस आपल्यासाठी टाचणी घेऊन बसला, अन् त्याले तोंडावर नाही म्हणू?"

संगीताच्या हट्टाने चाचणी डोळे मिटून पुन्हा झाली. साहेबांनी दहा वेळा "आता?" विचारलं. शास्त्र सांगतं म्हणून त्यांनी तीन वेळा टाचणी हवेतच ठेवली. रामीबाई दहाही वेळा "हो साहेब" म्हणाली.

कमी अनुभवी डॉक्टर इथे गोंधळला असता. सदाशिवरावांनी गणित मांडलं. टोचलं सात वेळा, जाणवलं दहा वेळा. म्हणजे संवेदना एकशे बेचाळीस टक्के. (दशांश सोडून दिले; मंडळ अतिशयोक्ती करत नाही.) अपंगत्व शून्य.

"साहेब, हिले काहीच कळत नाही," संगीता कळवळून म्हणाली.

"बाई, त्या स्वतः हो म्हणताहेत. हात त्यांचा आहे की तुमचा?"

कागद वाचून वामनरावांचा आनंद मावेना. इतका जागरूक हात जिल्ह्यात दुसरा नसेल, तो वाढण्यात वाया घालवणं योग्य नव्हतं. रामीबाईला त्यांनी मोठी चूल दिली.

पुढच्याच आठवड्यात संगीता डबा द्यायला शाळेत गेली. दारातच तिला वास आला. रामीबाई पोरांकडे पाहून हसत उभी होती आणि तिचा डावा तळवा चुलीच्या कडेला टेकलेला होता.

"याडी, हात! हात जळून राह्यला!"

"कोणाचा वं?" रामीबाईने काळजीने विचारलं आणि पोरांकडे पाहिलं.

त्या हाताची तीन बोटं काढावी लागली. उरलेल्या दोन बोटांची मूठ वळत नाही, म्हणून यंदा मंडळाने अपंगत्व मान्य केलं. उशीर झाला, पण नियम मोडला नाही.

वाचकहो, तो तळवा चुलीला टेकलेला वाचताना तुमचा हात मागे आला नसेल, तर घाबरू नका. "वाईट वाटलं ना?" असं कोणी विचारलं, तर तुम्ही नक्की "हो" म्हणाल. मंडळाला तेवढं पुरतं. आता पान उलटा. उलटता आलं? मग तुम्हालाही काही झालेलं नाही.