नसलेल्या सेटिंगची ओळ

"बाबा, तुमचं सेटिंग मी काढतेय," सुनेने चहाचा कप खाली ठेवत एकदाचं सांगून टाकलं.

सासऱ्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. दोघंही एकाच कामातले. संगणकाची सगळी कामं ज्याच्या जिवावर चालतात त्या गाभ्याला कर्नल म्हणतात, आणि जगभरातले लोक मिळून तो लिहितात. सासऱ्यांनी बावीस वर्षांपूर्वी त्यात एक सेटिंग घातलं होतं. मेमरी कमी पडली की कुठल्या प्रोग्रॅमची जागा आधी काढून घ्यायची, ते त्यावरून ठरे. त्यांचं बाकीचं काम लोकांनी केव्हाच बदलून टाकलं होतं. कर्नलमध्ये त्यांचं नाव उरलं होतं ते एवढ्या एका फाइलीत.

"काय वाकडं केलंय त्यानं तुझं?"

"कर्नल आता हे स्वतःच ठरवतो, बाबा. तुमचं सेटिंग कुणी वापरत नाही."

"कशावरून?"

खात्री करून घेतल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. मग रीतीप्रमाणे तिने एक सोय केली. ज्या संगणकात कुणी हे सेटिंग लावून ठेवलं असेल त्याच्या पडद्यावर, तो सुरू होताना, एक ओळ उमटणार: 'हे सेटिंग काढण्यात येत आहे. वापरत असाल तर या पत्त्यावर कळवा.' दोन वर्षं वाट पाहायचं ठरलं.

कोण असेल? एखादं जहाज? वेधशाळा? तिला या प्रश्नाने पछाडलं. सासरे तर रोज विचारायचे, "स्पॅममध्ये बघितलंस?"

"बघितलं, बाबा."

दोन वर्षांत चिटपाखरू फिरकलं नाही. सेटिंग गेलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी दहा मिनिटं बोलणारा तो माणूस यावर अवाक्षर बोलला नाही. सुनेला फार वाईट वाटलं.

आणि चार महिन्यांनी एका वाचनालयातून मेल आली: 'तुमची ओळ येईनाशी झाली आहे. लक्ष घालावे.' खाली फोन नंबर. तिने तडक फोन लावला. सासरे कान देऊन शेजारी बसले.

"तुम्ही ते सेटिंग वापरत होतात?"

"कुठलं सेटिंग?" पलीकडच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मशीन बसवणाऱ्याने काय काय घालून ठेवलंय, देव जाणे. आम्हाला ओळ लागते."

"ओळ?"

"अहो, ती ओळ दिसली की पुस्तकांचा स्कॅनर चालू करायचा. आधी केला की मशीन अडकतं, उशीर केला की त्याला स्कॅनर सापडत नाही. आठही शाखांत असंच शिकवलंय. आता आम्ही काय अंदाजाने बटण दाबायचं? दारात ही रांग लागलीये!"

"पण ओळीत 'कळवा' लिहिलं होतं. दोन वर्षांत कळवलं का नाहीत?"

"अडचण असती तर कळवलं असतं ना! सगळं छान चाललं होतं."

सासऱ्यांना खोकल्याची उबळ आली. निदान त्यांनी ती खोकल्याची आहे असं दाखवलं.

लोकांचं चालू काम मोडायचं नाही, हा कर्नलचा पहिला नियम. तेव्हा सेटिंग नसलं तरी ओळ परत आणणं भाग होतं. सुनेने बदल लिहिला. पण तो दुसऱ्या जाणकाराने तपासल्याशिवाय पुढे जात नाही, म्हणून तिने लॅपटॉप सासऱ्यांपुढे सरकवला.

"जे सेटिंग गेलंय," त्यांनी चष्मा पुसला, "ते काढण्यात येत आहे, असं सांगायचं?"

"हो."

"कशासाठी?"

"बाबा, आठ शाखा आहेत! माणसं रांगेत उभी आहेत!"

सासऱ्यांनी पाऊण तास हरकती काढल्या. तिने लालबुंद होऊन ओळीतल्या अक्षर न् अक्षराची बाजू लढवली. शेवटी मोठ्या मनाने त्यांनी 'तपासणारे' या शब्दापुढे आपलं नाव टाकलं.

कर्नलची पुढची आवृत्ती वाचनालयात पोचली आणि मेल आली: 'ओळ आली. आभारी आहोत. फक्त जरा मोठ्या अक्षरात करता येईल का?'

सुनेने डोक्याला हात लावला. सासऱ्यांनी मात्र लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला.

"मी बघतो," ते म्हणाले. "कुणाला किती मोठं अक्षर हवं, त्यासाठी एक छोटंसं सेटिंग घालावं लागेल, एवढंच."