त्र्यंबककाकांचं उसनं पुणं

आमच्या कसब्यातल्या त्र्यंबककाकांनी अख्खं पुणं लाकडात कोरलं होतं, फक्त दिल्ली दरवाजा सोडून. फळीवर वीतभर पर्वती होती, बेलबाग होती, ओंकारेश्वर होता. पण शनिवारवाड्याचा जो दरवाजा पाहायला परगावची माणसं तोंड वासून उभी राहतात, त्याचा पत्ता नाही. विचारलं की दर वेळी नवं उत्तर. "सागवान संपलं." "त्याला खिळे फार." मला तर म्हणाले, "अजून नीट पाहून झाला नाही." रोज त्याच्यासमोरून भाजी घेऊन येणारा माणूस!

काकांची हयात सरकारी कोठीत जिन्नस देण्याघेण्यात गेली होती. वस्तू हातातून सुटली की ती परत येईपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नसे. तरी पेठेतलं कुणी स्वारीवर निघालं की घरचे हातावर दही घालत आणि काका एक इमारत ठेवत. वर सुनावत, "उसनी देतोय. बक्षीस नव्हे. परत आलात की आणून द्यायची. आणि स्वतः आणायची, कुणाच्या हाती धाडायची नाही."

गोविंदराव बेलबाग घेऊन ग्वाल्हेरला गेले, तर मागोमाग जासुदाबरोबर काकांचा निरोप पोचला, "कळसाला धक्का लागलेला नाही ना?" गोविंदराव शत्रूला भीत नसत, पण काकांच्या निरोपाने त्यांना घाम फुटला.

मी पेठेत नवाच होतो. कचेरीबरोबर बऱ्हाणपुरास जायचा हुकूम आला, तेव्हा काकांनी माझ्या हातावर लाकडी पूल ठेवला. मी थट्टेने म्हणालो, "काका, लाकडी पूल लाकडातच केलात, यात कसब ते काय?"

"तुम्हाला खरा उचलून नेता आला असता, तर मी कशाला बोटं कापून घेतली असती?" काका म्हणाले.

छावणीत मला पुण्याची फार आठवण येई. पूल उशाशी असे. पुण्याची मंडळी संध्याकाळी माझ्या राहुटीत जमत आणि त्या एवढ्याशा पुलावरून बोटं फिरवत नदीचं पाणी कुठवर चढतं यावर तावातावाने भांडत. तेवढाच जीव रमे. एकदा मात्र आमच्या तट्टाने संधी साधून पुलाचा एक खांब चावून टाकला. परत येताना मला वाटेतल्या चोरांपेक्षा काकांचीच काळजी जास्त होती.

पुण्यात पोचलो तो घरी न जाता थेट त्यांच्याकडे. काकांनी आधी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, दोन्ही दंड चाचपले, मग पूल हातात घेतला.

"अहो विनायकराव, हा पूल होता. चारा नव्हे."

पण चेहरा असा फुलला होता की काकू आतून गूळपाणी घेऊन आल्या त्या पाहतच राहिल्या. काकांनी पूल त्याच्या जागी ठेवला. फळीवर प्रत्येकाची जागा ठरलेली. कसबा गणपती आणि जोगेश्वरी यांच्यामध्ये मात्र हातभर जागा मोकळी होती, आणि बाकीच्या फळीपेक्षा तीच जास्त लखलखीत पुसलेली होती.

मी सुखरूप आल्याच्या आनंदात होतो. म्हणालो, "काका, एवढी जागा आहे तर आता दिल्ली दरवाजा करून टाकाच!"

काकू पेला तिथेच ठेवून आत गेल्या.

"केला होता," काका म्हणाले. "सगळ्यांत आधी तोच केला. आमचा सदाशिव घेऊन गेला उत्तरेला. मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याच्याबरोबरचे केव्हाच आले, कुणी काही सांगत नाही."

मी उगाच म्हणालो, "मग दुसरा करून ठेवा की."

काकांनी खांद्यावरच्या उपरण्याने ती मोकळी जागा पुन्हा एकदा पुसली.

"दुसरा ठेवला, आणि तो त्याचा घेऊन आला, तर ठेवायला जागा कुठे आहे?"